प्रस्तावना : मनात येणं आणि हातून होणं

ओसीडी म्हटलं की आपल्यापुढे हात धुणारा माणूस येतो. कुलूप तीनदा ओढून पाहणारे काका, बाईने घासलेली भांडी पुन्हा विसळून घेणाऱ्या मावशी, कपाटातल्या साड्या रंगवार लावणारी सून. ‘तिला ना, ओसीडी आहे’ हे वाक्य आता अमरावतीच्या राजकमल चौकातही ऐकू येतं, आणि त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असतं. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात स्वच्छतेला कुणी आजार म्हणू नये हे बरोबरच आहे. टापटीप हा आजार नव्हेच. पण हात धुण्याच्या या चित्राने एक मोठं नुकसान केलं आहे. याच आजाराचं दुसरं रूप त्याच्याआड इतकं झाकलं गेलं की ज्याला तो होतो त्यालाही आपल्याला झालंय काय ते कळत नाही.

या रूपात हाताला मळ लागत नाही, मनात विचार येतो. आपण आपल्या बाळाला इजा करू. झोपलेल्या आईच्या अंगावर काही टाकू. बडनेऱ्याच्या फलाटावर पुढे उभ्या असलेल्या माणसाला ढकलू. गच्चीवरून उडी घेऊ. विचार नको असतो, किळसवाणा वाटतो, घाम फोडतो, आणि जितका हाकलावा तितका परत येतो. हे सांगायचं कुणाला? हात धुण्याबद्दल घरात विनोद होतात. हे कुणी ऐकलं तर पोलीस येतील, लेकरू काढून घेतील, लग्न मोडेल, अशी धास्ती असते. म्हणून माणूस वर्षानुवर्षं गप्प बसतो. हे पुस्तक त्या गप्प बसलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

एक चित्र जवळून पाहू. ते कोण्या एकीचं नाही, अनेकींच्या सांगण्यातून जुळवलेलं आहे. अकोल्यात माहेरी आलेली पहिलटकरीण. सव्वा महिना व्हायचा आहे. शेजारी दुपट्यात बाळ झोपलेलं, आणि ही विळीवर मेथी चिरते आहे. एकदम मनात येतं : ही विळी आणि हे बाळ. एवढंच. पण तिच्या पोटात गोळा येतो. असं आपल्या मनात आलंच कसं? उद्यापासून ती भाजी चिरायची टाळते. मग विळी माळ्यावर जाते. मग कात्री, मग बाबांचा अडकित्ता. मग बाळाला न्हाऊ घालायचं आजीकडे सोपवते, कारण घंगाळातलं पाणी पाहूनही तसलंच काही सुचतं. खोलीत बाळासोबत एकटी राहायला ती तयार नसते. घरातली माणसं आपापले अर्थ लावतात. दृष्ट लागली. बाहेरचं काही आहे. मुलगी झाली म्हणून हिचं मन लागत नाही. शेवटी रात्री ती आईला विचारते, “माय, माह्या हातून लेकराले काही होऊन त नाही जाईन?” आई म्हणते, “काई नाई होत वं, काहून भेतं?” तिला बरं वाटतं. अर्ध्या तासाने ती पुन्हा तेच विचारते.

आजार त्या पहिल्या विचारात नाही. तो पुढच्या सगळ्या धडपडीत आहे. विळी लपवणं, बाळापासून दूर राहणं, मनातल्या मनात ‘मी असं करणार नाही’ घोकणं, आईकडून पुन्हा पुन्हा हमी घेणं, ही सगळी हात धुण्याचीच भावंडं आहेत. प्रत्येक वेळी थोडा आराम मिळतो, आणि त्या आरामातून मेंदू शिकतो की धोका खरा होता, आपण वेळीच वाचलो. प्रेमळ आईने दिलेला ‘काई नाई होत’ हा दिलासासुद्धा नकळत आजाराला खतपाणी घालतो. घरच्यांना ही गोष्ट पचायला सगळ्यांत जड जाते. आपण आधार देतोय असं त्यांना वाटत असतं, आणि डॉक्टर म्हणतात की तेवढं उत्तर देऊ नका.

असला विचार येणं ही मुळात फार साधी गोष्ट आहे. १९७८ साली स्टॅनली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी ज्यांना कोणताही मानसिक आजार नाही अशा लोकांना विचारलं, तेव्हा जवळपास ८० टक्के लोकांनी सांगितलं की नको असलेले, विचित्र, कधी हिंसक विचार आपल्याला येतात. निरोग्यांचे विचार आणि रुग्णांचे विचार शेजारी ठेवल्यावर कोणता कुणाचा हे ओळखणं जाणकारांनाही जड गेलं. २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांच्या पाहणीत तीन महिन्यांत असा एक तरी विचार आलेले ९४ टक्के निघाले. बाळंतिणींपुरतं बोलायचं तर कॅनडातल्या एका अभ्यासात निम्म्याच्या आसपास नव्या आयांनी मान्य केलं की आपल्या हातून मुद्दाम बाळाला इजा होईल असा नकोसा विचार मनात येऊन गेला. बाकीच्या आयांचा विचार आला आणि गेला. आपल्या पहिलटकरणीचा अडकून बसला, कारण तिने त्याला महत्त्व दिलं. आणि महत्त्व दिलं ते बाळावर जीव आहे म्हणूनच. देवभोळ्याला देवाबद्दल अभद्र सुचतं, मुंगीही न मारणाऱ्याला खून सुचतो. माणसाला जे सगळ्यांत जास्त जपायचं असतं, नेमकं तिथेच हा आजार बोट ठेवतो.

या आजाराकडे जग कसकसं पाहत आलं हे थोडक्यात सांगायला हवं, कारण आजचे बहुतेक गैरसमज ही कधीकाळची शास्त्रीय किंवा धार्मिक मतंच आहेत. युरोपात आधी तो पाद्र्यांचा विषय होता. सतराव्या शतकात जॉन बनियनने आपल्या आत्मवृत्तात देवनिंदेचे विचार आपल्यावर कसे कोसळत हे लिहून ठेवलं, आणि जेरेमी टेलर या धर्मगुरूने १६६० मध्ये अशा अतिरेकी पापशंकेची चर्चा केली. १८३८ मध्ये फ्रान्सच्या एस्किरोलने त्याला वैद्यकात आणलं. आपले विचार खुळे आहेत हे रुग्णाला स्वतःला कळत असतं, हे त्याने नोंदवलं, आणि निदान करताना आजही ते पाहिलं जातं. १९०३ मध्ये पिएर झाने यांनी या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला.

मग फ्रॉइड आले. १९०९ मध्ये त्यांनी ‘रॅट मॅन’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या तरुणाची हकिगत छापली. आपल्या वडिलांवर आणि प्रेयसीवर भयंकर छळ ओढवेल या विचाराने तो पछाडला होता, आणि गंमत म्हणजे वडील काही वर्षांपूर्वीच वारले होते. फ्रॉइड यांनी त्यामागे वडिलांविषयीचा दडपलेला द्वेष पाहिला. त्यांची प्रतिभा मोठी, निरीक्षण सूक्ष्म. तरी माझ्या मते या विषयात त्यांच्या वारशाने भलं कमी आणि नुकसान जास्त केलं. ‘मनात आलं म्हणजे खोल कुठेतरी इच्छा असणारच’ हे वाक्य व्हिएन्नातून निघालं आणि टीव्ही मालिकांतून, अर्धवट वाचलेल्या लेखांतून थेट आपल्या ओसरीवर येऊन बसलं. विळी माळ्यावर टाकणाऱ्या आईला हे वाक्य सुनावणं म्हणजे तिच्या भीतीवर शिक्का मारणं. तिची इच्छा काय आहे ते तिच्या वागण्यात दिसतंय : ती बाळाला वाचवायला धडपडते आहे.

खरी कलाटणी १९६६ साली मिळाली. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांना, ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर राहू द्यायचं आणि नेहमीचा ‘उपाय’ करू द्यायचा नाही, असं ठरवून वागवलं. दोघांना चांगला फरक पडला. पुढे एडना फोआ आणि इतरांनी या वर्तनोपचाराला पद्धतशीर रूप दिलं; आज बोलून करायच्या उपचारांत त्याचाच आधार सर्वांत भक्कम आहे. पण मेयर यांच्या काळातला दुसरा एक उपाय मात्र फसवा निघाला. विचार आला की ‘थांब’ म्हणून ओरडायचं किंवा मनगटाला रबरबँड चटकवायचं. आपल्याकडे आजही काही जण तो सुचवतात. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल काही जायला तयार नव्हतं. ‘मन खंबीर कर, विचारच करू नको’ हा आपल्या घराघरातला सल्ला तिथेच आपटतो.

१९८५ मध्ये पॉल साल्कोव्हस्किस यांनी विचाराला रुग्ण काय अर्थ देतो त्यावर बोट ठेवलं : काही वाईट घडलं तर दोष माझाच, ही फुगलेली जबाबदारी. रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाला विचार करणं आणि कृत्य करणं नैतिकदृष्ट्या सारखंच वाटतं, आणि विचार केल्याने ते घडण्याची शक्यता वाढते असंही वाटतं. औषधांची बाजू वेगळ्या वाटेने आली. क्लोमिप्रामीन साठच्या दशकाअखेर वापरात आलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला याच आजारासाठी मान्यता मिळाली. नंतर फ्लुओक्झेटीनच्या कुळातली औषधं आली. मेंदूतल्या काही वर्तुळांचं काम बिघडतं हे चित्रणांतून दिसलं, आणि औषधाने व वर्तनोपचाराने त्या कामात सारखाच बदल होतो हेही. त्यामुळे ‘हा मेंदूचा आजार की मनाचा’ हा वाद रंगवण्यात मला रस वाटत नाही.

भारतात या विषयावरचं महत्त्वाचं जुनं काम चंदीगडचं. सलमान अख्तर, एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ८२ रुग्णांच्या लक्षणांचं वर्णन छापलं. मळ-विटाळाचे विचार तिथे सर्वाधिक होते, पण त्यांच्या पाठोपाठ हिंसेचे होते. म्हणजे ‘आपल्याकडे असलं काही नसतं, हे अमेरिकेचे चोचले’ हा समज पन्नास वर्षांपूर्वीच मोडीत निघाला होता. बंगळुरूच्या निमहान्समध्ये तर या आजारासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती. मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड हे आपले शेजारी होते, महाराष्ट्र नव्हता; म्हणून आपल्या मुलखाचं चित्र त्यातून दिसत नाही.

डॉक्टरांकडे गेलो म्हणजे निदान होईलच, असंही नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्क भागातल्या डॉक्टरांना ओसीडीच्या रुग्णांची वर्णनं वाचायला दिली. वस्तू सरळ रेषेत लावणारा रुग्ण जवळपास सगळ्यांनी ओळखला. हिंसेचे विचार येणारा रुग्ण पाचांपैकी चार डॉक्टरांनी चुकवला. न्यूयॉर्कमध्ये हे, मग तालुक्याच्या ठिकाणी रोज शंभर पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरांना काय दोष द्यायचा? चुकीच्या निदानाची किंमत मात्र रुग्ण मोजतो. त्याला स्किझोफ्रेनियाचा समजलं जातं, किंवा धोकादायक.

वऱ्हाडात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे आणि या पुस्तकाचा जीव त्यात आहे. गेली पंचवीस-तीस वर्षं अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम ही नावं राज्याला शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत झाली. त्यातून काही चांगली कामं उभी राहिली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम झाला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. सरकारने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. आशाताई घरोघरी जाऊन विचारू लागल्या. पण या सगळ्यांची नजर नैराश्य, दारू आणि आत्महत्या यांच्यावर होती, आणि ते साहजिकही होतं.

आता कल्पना करा. गोठ्याच्या कोनाड्यात फवारणीच्या औषधाचा डबा आहे. एका शेतकऱ्याला जगायचं आहे, लेकीचं लग्न करायचं आहे. तरी डबा दिसला की मनात येतं, ‘मी हे पिऊन टाकीन की काय?’ तो थरथरतो, डबा भावाच्या घरी ठेवतो, शेतात एकटा जात नाही. दुसऱ्याला वाटतं, फवारणीचा हात नीट धुतला नाही, माझ्यामुळे घरचे मरतील; तो विहिरीचं पाणी शेंदायलाही घाबरतो. आशाताई प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न विचारते : मरणाचे, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का? डबा पाहून थरथरणारा शेतकरी खरं बोलतो : हो. कागदावर त्याचा ‘हो’ आणि खरोखर जगणं नकोसं झालेल्याचा ‘हो’ सारखाच दिसतो. एकाला मरणाची इच्छा आहे, दुसऱ्याला मरणाच्या इच्छेची भीती आहे. पहिल्याच्या हातापासून डबा दूर ठेवणं जीव वाचवतं. दुसऱ्याच्या बाबतीत घरातली प्रत्येक वस्तू लपवत गेलो तर आजार घर व्यापतो.

इथे मला कुणालाही गाफील करायचं नाही. ओसीडीच्या माणसालाही नैराश्य येतं, आणि त्याचा आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून फरक आपला आपण ठरवायचा नाही. जाणकाराने शांतपणे बसून विचारून ठरवायचा, आणि तोवर डबा दूरच असू द्यायचा. तसंच बाळंतिणीचं. हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार होतो. झोप उडते, बोलणं विस्कळीत होतं, बाळ अमंगळ आहे असं खरंच वाटू लागतं, कानात आज्ञा ऐकू येतात. आणि मुख्य म्हणजे त्या विचाराची तिला भीती वाटत नाही, तो पटतो. तिथे त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आपल्या विळीवालीला मात्र आपल्याच विचाराने कापरं भरतं. हा फरक ओळखायला शिकणं घरच्यांच्या फार कामाचं आहे.

दवाखान्याआधी आपल्याकडे बरेच मुक्काम होतात. बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर अशा माणसांना घेऊन आलेली कुटुंबं दिसतात; कुणी गावातल्याच बाबाकडे जातो. त्या कुटुंबांना हसणाऱ्यांतला मी नाही. दुसरं दार माहीत नसतं, किंवा परवडत नसतं, आणि तिथे निदान ‘तुझ्या मनात पाप आहे’ असं कुणी म्हणत नाही. पण चटके, मारहाण, साखळदंड असं काही झालं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. नामस्मरणाबद्दलही लोक विचारतात. शेगावच्या वाटेवर आयुष्य गेलेल्या माणसांना नाम सोडा म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. एवढंच पाहावं : जप मन लागण्यासाठी चाललाय, की १०८ चा आकडा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर मुलाला काही होईल म्हणून? दुसरा प्रकार जप उरलेला नसतो. ‘लग्न करून द्या, सुधारेल’ या उपायाबद्दल मी एकाच ओळीत सांगतो : त्याने दोन माणसं अडचणीत येतात.

हा आजार बहुधा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत डोकं वर काढतो. अकोल्यात नीटच्या क्लाससाठी वाशीम-बुलढाण्याहून येऊन खोली करून राहणारी मुलं त्याच वयाची. ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून घरी फोन जातो, आणि मुलगा मनातल्या मनात रूम पार्टनरला मारण्याच्या विचाराशी झुंजत असतो. उपचार आहेत. औषधांचा डोस या आजारात अनेकदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फायदा नाही’ म्हणून गोळ्या बंद करणं ही नेहमीची चूक. वर्तनोपचारात विळी हळूहळू माळ्यावरून खाली येते. आधी ती नुसती समोर ठेवायची, मग हातात धरायची, मग बाळ त्याच खोलीत असताना भाजी चिरायची, आणि आईला काही विचारायचं नाही. भीती चढते, राहते, ओसरते. सगळे पूर्ण बरे होतात असं नाही. बहुतेकांना संसार, नोकरी, अभ्यास नीट करता येईल इतका फरक पडतो.

या संग्रहात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, समुपदेशक आहेत, आशाताई आहेत आणि स्वतः या आजारातून गेलेली माणसंही आहेत. त्यांची नावं-गावं बदलली आहेत, बोली तशीच ठेवली आहे. ‘मले भेव वाट्टे’ याचं ‘मला भीती वाटते’ करायचा मोह आम्ही टाळला. लेखकांचं एकमेकांशी सगळीकडे पटलेलं नाही. औषध आधी की वर्तनोपचार आधी, घरच्यांनी दिलासा एकदम थांबवावा की हळूहळू, यावर मतभेद आहेत आणि ते तसेच छापले आहेत. हे पाठ्यपुस्तक नाही. मराठीत मनोविकारांची ओळख करून देणारी पुस्तकं आता बऱ्या संख्येने आहेत, ‘मनकल्लोळ’सारखी वाचकप्रियही आहेत. आम्हाला एकाच आजाराच्या एकाच रूपापाशी, एकाच मुलखात, थोडं जास्त वेळ थांबायचं होतं.

ज्यांना स्वतःला हा त्रास आहे त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ‘मी तसा नाही ना’ याची खात्री करून घ्यायला हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडू नका. तसं होऊ लागलं तर तेही विळी लपवण्यासारखंच समजा आणि पुस्तक कुणाला तरी देऊन टाका. आणि दाखवायला जा. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, तेही जमत नसेल तर टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमचं बोलणं गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे. तिथे ‘टेन्शन आहे, झोप येत नाही’ एवढंच सांगून परत येऊ नका. जो विचार येतो तो आदल्या रात्री जसाच्या तसा कागदावर लिहा, आणि तोंडातून शब्द फुटला नाही तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा.